वापरलेलं सिंगल इंजिन टर्बोप्रॉप घ्यायचंय, घरच्यांना घेऊन फिरायला. जाणकारांनी सांगा

दूरचा_पल्ला

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. गेली अकरा वर्षं मी सहा सीटचं पिस्टन विमान उडवतोय, ९०० तास झालेत, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवायचा परवाना) आहे. महिन्यातून दोनदा तरी साधारण ५०० नॉटिकल मैलांचा प्रवास असतो, आम्ही दोघं, दोन मुलं आणि कधीकधी आई. प्रेशरायझेशन (केबिनमध्ये हवेचा दाब टिकवायची सोय) नाही त्यामुळे दहा-बारा हजार फुटांवर राहावं लागतं आणि सगळं वाईट हवामान नेमकं तिथेच भेटतं, वर जायचं तर सगळ्यांच्या नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, धाकटी तर पाच मिनिटांत ती नळी काढून टाकते. मागच्या हिवाळ्यात ढगात असताना पंखांच्या कडेला बर्फ धरायला लागला, वेग बारा नॉटनी (म्हणजे ताशी बारा नॉटिकल मैलांनी) पडला, मी लगेच खाली उतरून मागे फिरलो. बायको त्या दिवशी काही बोलली नाही पण तेव्हापासून निघण्याच्या आदल्या रात्री ती ढगांचा अंदाज माझ्या आधी बघते.

म्हणून ठरवलंय, प्रेशराइज्ड आणि बर्फात उडवायला प्रमाणित असलेलं सिंगल इंजिन टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं विमान, घ्यायचं. नवीन आवाक्यात नाही. पायपर मेरिडियन, टीबीएम ७०० किंवा ८५०, आणि जुनं पिलाटस पीसी-१२ एवढी नावं यादीत आहेत. त्यातलं एक सापडलंय पण. २२ वर्षं जुनं, एकच मालक, पेंट काचेसारखा चकचकीत, एकूण फक्त ११०० तास. ब्रोकर म्हणतो इंजिन अजून ओव्हरहॉलच्या (पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या तासांच्या) एक तृतीयांशावर पण आलेलं नाही, असं परत मिळणार नाही, आठवड्यात टोकन द्या. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, विक्रेता ओळखू येईल. काय काय बघू? आणि टोकन देऊ का?

अर्धी_टाकी

टोकन आत्ता अजिबात देऊ नका. चांगलं विमान आठवडाभराने पण चांगलंच असतं.

आधी तुमच्या प्रवासाचा हिशोब करू, कारण बहुतेक लोक ब्रोशरमधला वेग बघून विमान घेतात आणि मग वजनात अडकतात. मी आधी सहा वर्षं मेरिडियन उडवलंय, आता टीबीएम ८५० आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

मेरिडियन २००० साली प्रमाणित झालं, पीटी६ए-४२ए इंजिन, ५०० हॉर्सपॉवरवर बांधून ठेवलेलं, साधारण २६० नॉट. टेकऑफचं जास्तीत जास्त वजन २३०० किलोच्या आसपास. टाक्या पूर्ण भरल्या की ६४० लिटर, म्हणजे ५१५ किलो तेल, आणि मग माणसं आणि बॅगांना मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो उरतात. सीट सहा, पण टाकी भरून तीन माणसं. हे ऐकून लोक मेरिडियनला नावं ठेवतात, पण तुमचा पल्ला ५०० मैलांचा आहे, त्याला टाकी भरायची गरजच नाही. दोन तासांचं तेल अधिक भरपूर राखीव धरून ३५० किलोत काम होतं आणि मग पावणेचारशे किलोपर्यंत माणसं-सामान बसतं. पाच जण आणि मोजक्या बॅगा. परतीचं तेल मात्र तिकडे मिळालं पाहिजे.

टीबीएम ७०० ची गंमत अशी की सगळी ७०० सारखी नाहीत. सुरुवातीच्या ए आणि बी ला टेकऑफ वजन २९८४ किलो, नंतरच्या सी२ ला ३३५४. वरून सारखीच दिसतात पण पावणेचारशे किलोंचा फरक आहे! ८५० आलं २००६ ला, तेच शरीर, जोरदार इंजिन, ३२० नॉट. आता बघा, ५०० मैल २६० नॉटनी १ तास ५५ मिनिटं, ३२० नॉटनी १ तास ३४. एकवीस मिनिटांचा फरक. त्या एकवीस मिनिटांसाठी किती जास्त मोजायचे हे ज्याचं त्याने ठरवावं, मी मोजले आणि मला आनंद आहे कारण माझे पल्ले ९०० मैलांचे आहेत.

पीसी-१२ बद्दल ज्यांच्याकडे आहे ते सांगतील. एक मात्र लिहून ठेवा, रिकामं वजन पुस्तकातलं धरू नका, त्या विशिष्ट विमानाचा शेवटचा वजनाचा कागद मागा. बावीस वर्षांत रडार, जादा रेडिओ, एसी असं काय काय चढलेलं असतं.

नकाशावेडी

वाचतेय. खूण म्हणून प्रतिसाद.

मालवाहू_दरवाजा

पीसी-१२ आहे माझ्याकडे, /४५. नावातले आकडे वजनाचे आहेत, /४५ म्हणजे ४.५ टन, /४७ म्हणजे ४.७४ टन. विमान १९९४ ला प्रमाणित झालं, २००८ पासून एनजी आलं त्यात कॉकपिट पूर्ण बदललं. वेगात टीबीएमच्या मागे, २६०-२७० नॉट, पण मागचा मालाचा दरवाजा १.३५ बाय १.३२ मीटरचा आहे आणि केबिन मोठी, आजीला वाकून चढावं लागत नाही. चाकांना ट्रेलिंग लिंक गिअर (धक्का झेलणारी सांध्याची रचना) असल्यामुळे गवताच्या पट्टीवर पण मऊ उतरतं. माझ्या आईचे गुडघे गेलेत, ती याच विमानात न कुरकुरता बसते.

तोटा हा की मोठं आहे. हँगरला दार किती रुंद आहे ते मोजून घ्या आधी, पंख १६ मीटरच्या वर आहेत. आणि तेल जास्त पितं, तासाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर. मेरिडियन दीडशेच्या आत भागवतं.

शंकेखोर

एक मूलभूत प्रश्न, राग मानू नका. कुटुंब घेऊन जायचंय तर दोन इंजिनांचं का नको? एक बंद पडलं तर दुसरं असतं ना?

गरमभाग

हा प्रश्न दरवेळी येतो आणि यायलाच हवा. मी तीस वर्षं टर्बाइन इंजिनांवर काम केलंय, आता निवृत्त आहे, थोडं सविस्तर लिहितो.

या यादीतल्या सगळ्या विमानांत प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६ आहे. १९६३ पासून हे इंजिन बाजारात आहे आणि पन्नास हजारांहून जास्त बनलीत. हवा मागच्या बाजूने आत घेतं, पुढे पुढे नेतं आणि धूर पुढच्या बाजूने, प्रोपेलरच्या जवळच्या दोन नळकांड्यांतून बाहेर. आत दोन वेगवेगळ्या शाफ्ट आहेत, एक कॉम्प्रेसर (आत आलेली हवा दाबणारा भाग) फिरवते, दुसरी गिअरबॉक्समधून प्रोपेलर, आणि दोघींमध्ये फक्त गरम वायूचं नातं. म्हणून उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवला तर तो अलगद फिरतो, कॉम्प्रेसर जागचा हलत नाही. पिस्टनसारखं वरखाली आपटणारं काही नाही, त्यामुळे उडताना अचानक थांबण्याचं प्रमाण पिस्टनच्या तुलनेत फारच कमी.

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर चालवणं हे रोज सराव असलेल्याचं काम आहे. टेकऑफच्या क्षणी एक गेलं आणि पायलटने दोन सेकंद चुकवली तर विमान उलटं होतं, हे अपघात हौशी पायलटांचेच जास्त. सिंगलमध्ये निर्णय एकच असतो, नाक खाली आणि जागा शोधा. पीसी-१२ दर हजार फुटांना अडीच मैलांहून थोडं जास्त तरंगतं, म्हणजे २८,००० फुटांवरून सत्तरेक मैलांचं वर्तुळ हातात असतं. रात्री, समुद्रावर, डोंगरावर मात्र हे वर्तुळ कामाचं नाही, तिथे वाट वाकडी करून जायचं. आमच्याकडे येणारे चांगले मालक नकाशावर आधी धावपट्ट्या जोडायचे आणि मग रेघ ओढायचे.

आता मूळ विमानाबद्दल. दूरचा पल्ला साहेब, ते ११०० तास ऐकून सगळे खूश होतात, मला काळजी वाटते.

या इंजिनांचा ओव्हरहॉल मॉडेलप्रमाणे ३५०० किंवा ३६०० तासांना, आणि मध्यावर, १७५०-१८०० च्या सुमारास हॉट सेक्शन इन्स्पेक्शन. तुमच्या विमानाचं ते कधी झालेलंच नाही, म्हणजे ज्वाला पेटते तो भाग बावीस वर्षांत कोणी उघडून बघितलेला नाही. टर्बाइन उडून खराब होतं त्यापेक्षा उभं राहून जास्त खराब होतं. हवेत ओल आणि मीठ असलं की कॉम्प्रेसरच्या पात्यांना बारीक खड्डे पडतात, आणि तेलातलं गंधक आणि हवेतलं मीठ मिळून गरम भागातल्या पात्यांचं आवरण खातात, आम्ही त्याला सल्फिडेशन म्हणतो. आधी पात्यावर हिरवट-करडे फोड दिसतात, मग पापुद्रे सुटतात, मग धातू जातो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, इंजिन सुरू होतं, टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा पीळ) देतं, ब्रोकर हसत हसत चक्कर मारून आणतो.

आणि फक्त इंजिन नाही हो. रबर वापरलं नाही की सुकतं. इंधनाच्या पंपाची सील, हायड्रॉलिकची सील, दरवाजाची हवाबंद पट्टी, पंखांच्या कडेचे डी-आयसिंग बूट, म्हणजे फुगून बर्फ तोडणाऱ्या रबरी पट्ट्या. बूटांवर बोट फिरवा, खडू लागल्यासारखी पांढरी पूड बोटाला आली, बारीक चिरा दिसल्या तर ते बदलायचे, आणि ते स्वस्तात होत नाही.

काय करा सांगतो. लॉगबुक घ्या आणि दर वर्षी किती तास उडालं ते एका कागदावर उतरवून काढा. ११०० भागिले २२ म्हणजे वर्षाला ५०, असं कधीच नसतं. पहिल्या चार वर्षांत ७०० आणि मग वर्षाला दहा-पंधरा असं निघेल. तीन महिन्यांपेक्षा जास्त उभं राहिलं असेल तर इंजिनात संरक्षक तेल घालून, तोंडं बंद करून ठेवल्याची नोंद हवी. नोंद नाही म्हणजे केलं नाही असंच समजा. कॉम्प्रेसर वॉश कितीदा झाला, फ्युएल नोझल कधी तपासल्या, बॅटरी कधी बदलली हे सगळं त्याच वहीत असतं. कमजोर बॅटरीवर सुरू केलं की कॉम्प्रेसर पुरेसा फिरत नाही, तेल पेटतं पण थंड करायला हवा नाही, आणि एका हॉट स्टार्टमध्ये पाती भाजून निघतात. असा स्टार्ट कोणी वहीत लिहीत नाही, तो पात्यांवर लिहिलेला असतो.

दूरचा_पल्ला

गरमभाग काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. रात्री ब्रोकरकडून लॉगबुकच्या स्कॅन प्रती मागवल्या आणि कागदावर उतरवलं. पहिली पाच वर्षं ७६० तास. मधली दहा वर्षं मिळून २९०. शेवटच्या सात वर्षांत ५०. त्यात एक जागा अशी आहे की दोन नोंदींमध्ये २६ महिने आहेत आणि मध्ये काहीही नाही. हँगर समुद्रापासून दोन मैलांवर आहे, हे मी आधी चांगलं समजत होतो, जागा सुंदर आहे म्हणून.

गरमभाग

बोरस्कोप, म्हणजे इंजिनात बारीक कॅमेरा घालून तपासणी, केल्याशिवाय पुढे जाऊ नका. या इंजिनाला १४ फ्युएल नोझल असतात, त्यातल्या काही काढून त्या भोकांतून कॅमेरा आत घालतात. तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा आणि पडदा बघा. फोटो नका मागू, व्हिडिओ रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येक पातं समोरून जाईपर्यंत हाताने फिरवायला सांगा.

वहीखातं

मी पैशाच्या बाजूने लिहिते, आकडे देत नाही कारण ते जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, पद्धत सांगते.

खरेदीची किंमत हा हिशोबातला सगळ्यात सोपा आकडा आहे. दोन रकाने करा. एकात न उडता पण लागणारं सगळं: हँगर, इन्शुरन्स, वार्षिक तपासणी, नकाशे-डेटाबेसची वर्गणी, तुमचं दरवर्षीचं ट्रेनिंग, अडकलेल्या पैशाचं व्याज. दुसऱ्यात तासाप्रमाणे लागणारं: तेल, लँडिंगचे पैसे, आणि इंजिनची राखीव रक्कम. ही शेवटची लोक विसरतात. ओव्हरहॉलचा खर्च भागिले ३५०० आणि त्यात हॉट सेक्शन मिळवा, तेवढे दर तासाला वेगळ्या खात्यात टाकायचे, विमान नाही घेतलं असं समजून. प्रोपेलरचा ओव्हरहॉल तासांवर आणि वर्षांवर पण असतो, जे आधी येईल ते, त्यामुळे न उडणाऱ्यालाही पाच-सहा वर्षांनी तो खर्च येतोच.

मग पहिला रकाना भागिले वर्षाचे तास. वर्षाला ६० तास उडणाऱ्याला एक तास इतका महाग पडतो की भाड्याने विमान मागवलेलं बरं. तुमचे महिन्याला दोन प्रवास, जाऊन-येऊन चार तास धरले तर वर्षाला ९०-१०० तास होतात. सीमेवर आहात. एखादा भरवशाचा भागीदार मिळाला तर पहिला रकाना सरळ अर्धा होतो आणि विमानही जास्त उडतं, काकांचं म्हणणं पण साधतं. आमच्याकडे दोघांत एक आहे, नऊ वर्षं झाली, भांडण एकदाच झालं ते पण सुट्टीच्या आठवड्यावरून. करार लिखित ठेवा, त्यात एकाने बाहेर पडायचं तर कसं हे पहिल्या पानावर.

अजून एक, इंजिन ओव्हरहॉलच्या जवळ आलेलं विमान स्वस्त मिळतं ते स्वस्त नसतं. खाजगी वापरात काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, ते तास सक्तीचे नाहीत, निर्मात्याची शिफारस आहे, लोक पुढे उडवतात पण. विकताना मात्र समोरचा पूर्ण ओव्हरहॉल कापून घेतो.

मालवाहू_दरवाजा

वहीखातं ताई, इंजिन प्रोग्रॅमचं लिहायचं राहिलं. तासाला ठरावीक रक्कम भरून निर्मात्याकडे इंजिनची जबाबदारी देता येते. अशा योजनेत असलेलं विमान घेताना ती योजना नव्या मालकाच्या नावावर जाते का आणि आधीच्याने सगळे हप्ते भरलेत का हे पत्राने विचारून घ्या. तोंडी नको.

उजवी_सीट

मी ट्रेनिंग देते, या विमानांवरच. तुम्ही सगळे विमानाबद्दल बोलताय, मी पायलटबद्दल बोलते.

युरोपात या विमानांना वेगळं क्लास रेटिंग (त्या गटाच्या विमानांचा परवाना) लागतं. अमेरिकेत ५६७० किलोच्या आतलं आणि जेट नसलेलं म्हणून टाइप रेटिंग (त्या एका मॉडेलचा परवाना) लागत नाही, हाय अल्टिट्यूडची नोंद पुरते. पण इन्शुरन्सवाले कुठेही सिम्युलेटर कोर्स मागतातच आणि सुरुवातीचे काही तास सोबत अनुभवी पायलट मागतात. इन्शुरन्सचं कोटेशन विमान ठरवायच्या आधी घ्या. मी असे दोघे बघितलेत ज्यांनी विमान घेतलं आणि मग चार महिने ते हँगरमध्ये बघत बसले.

पिस्टनवरून येणाऱ्याला तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक, टॉर्क. टीबीएमसारख्या हलक्या शरीराला ७००-८५० हॉर्सपॉवर लावलेत. उतरताना वेग कमी झालाय, धावपट्टी चुकतेय, आणि तुम्ही घाबरून पॉवर लिव्हर एकदम पुढे ढकलला तर नाक डावीकडे जातं आणि विमान डावीकडे कलंडतं, आणि तेवढ्या कमी वेगात एलेरॉनला (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांना) ते आवरत नाही. असे अपघात झालेत. उपाय सोपा आहे पण हातात मुरावा लागतो: उजवा पाय आधी, लिव्हर हळू, वेग कधीही पडू द्यायचा नाही.

दुसरी, उंची. २८,००० फुटांवर केबिनची हवा गेली तर नीट विचार करण्याइतकी शुद्ध अडीच-तीन मिनिटं राहते, ३०,००० ला एक-दोन मिनिटं. आणि आपली शुद्ध जातेय हे आपल्याला कळत नाही, उलट छान वाटतं. ५ सप्टेंबर २०१४ ला एक टीबीएम ९०० न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून फ्लोरिडाकडे निघालं होतं, २८,००० फुटांवर. पायलटने काहीतरी चुकीचं दिसतंय म्हणून खाली यायची परवानगी मागितली, आणीबाणी म्हटलं नाही. परवानगी येईपर्यंत, थोडं खाली येईपर्यंत वेळ गेला. विमान ऑटोपायलटवर कित्येक तास सरळ जात राहिलं आणि जमैकाजवळ समुद्रात पडलं, दोघं होते. अनुभवी पायलट होते हो. मी प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगते आणि मग मास्क लावायला लावते, घड्याळ लावून, पाच सेकंदांत. लाल दिवा दिसला की आधी मास्क, मग खाली, मग रेडिओ. परवानगी मागत बसायचं नाही, आणीबाणी सांगून उतरायचं.

तिसरी, बर्फ. बर्फात उडायला प्रमाणित आहे याचा अर्थ बर्फात फिरत राहायला प्रमाणित असा नाही. बूट आहेत ते तिथून बाहेर पडायला. या विमानांचा खरा फायदा हा की ते दमदार चढतं आणि दहा मिनिटांत ढगांच्या वर निघतं.

नकाशावेडी

उजवी_सीट ताई, तो मास्कचा परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. दोघांनी आज संध्याकाळी हँगरमध्ये बसून लावून बघितले. मला अकरा सेकंद लागले, पट्टा केसांत अडकला.

उजवी_सीट

केस आधी बांधा, हेडसेट मास्कच्या वरून. परत करा.

शिक्का_आणि_सही

व्यवहाराबद्दल थोडक्यात. खरेदीच्या इरादापत्रात स्पष्ट लिहा की प्रीबायमध्ये (खरेदीआधीच्या तपासणीत) उडण्याच्या योग्यतेला बाधा आणणारं काही निघालं तर दुरुस्ती विक्रेत्याची, नाहीतर रक्कम पूर्ण परत. टोकन ब्रोकरच्या खात्यात नाही, एस्क्रोमध्ये (व्यवहार होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्याच्या खात्यात). कर्जाचा बोजा नाही ना याचा शोध घ्या. तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये कधीच नको, ते स्वतःच्याच कामाला नापास कसे करतील? आणि त्याच मॉडेलवर रोज काम करणारं वर्कशॉप हवं, शंभर प्रकारची विमानं बघणारं नको. एव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) पण बघा, मेरिडियनच्या सुरुवातीच्या वर्षांत जे स्क्रीन होते त्यांचे सुटे भाग मिळवताना दम निघतो, २००९ पासून गार्मिनचं जी१००० आलं. टीबीएम ८५० ला ते २००८ पासून.

दूरचा_पल्ला

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

काकांनी सांगितलं तसं विक्रेत्याशी संबंध नसलेलं वर्कशॉप शोधलं, विमान तिकडे आणायचा खर्च मी केला. पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटत होतं, जमिनीवर प्रेशर देऊन बघितलं तर दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता, ते पट्टी बदलून भागलं असतं. डाव्या पंखाच्या बूटाला तीन ठिगळं. मग दुसऱ्या दिवशी बोरस्कोप.

मी पडद्यासमोर उभा होतो. मेकॅनिक प्रोपेलरच्या बाजूला नाही तर स्टार्टरच्या बाजूने कॉम्प्रेसर हळूहळू फिरवत होता आणि एकेक पातं समोरून जात होतं. पहिली आठ-दहा मला तर एकसारखीच वाटली. मग त्याने थांबवलं, कॅमेरा जवळ नेला, आणि पात्याची पुढची कड दिसली, वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखी. वर हिरवट फोड, एका जागी पापुद्रा उभा राहिलेला. पुढचं पातं तसंच. त्याच्या पुढचं त्याहून वाईट. तो काही बोलला नाही, फक्त रेकॉर्डिंग चालू आहे ना हे बघितलं. कॉम्प्रेसरच्या पहिल्या रांगेतही खड्डे निघाले. अहवालात लिहिलंय, इंजिन उघडल्याशिवाय हे विमान उडवू नये.

विक्रेता म्हणाला किंमत थोडी कमी करतो. नाही म्हटलं. टोकन दिलेलं नव्हतं, फक्त तपासणीचा आणि आणण्याचा खर्च गेला, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटलं की त्याच इंजिनवर ब्रोकरने आम्हाला चक्कर मारून आणली होती. मुलं पण होती मागे.

गरमभाग

सुटलात. पुढचं बघताना भरपूर उडालेलं बघा.

दूरचा_पल्ला

तेच केलं काका. दीड महिना अजून गेला, चार विमानं बघितली. शेवटी १९९९ चं पीसी-१२/४५ घेतलं. एकूण ६२०० तास, ओव्हरहॉलनंतर १४००, दर आठवड्याला उडणारं, पेंट मागच्या दरवाजापाशी सोललेला, सीटचं चामडं फाटलेलं. बोरस्कोप स्वच्छ. पॉवर चेकमध्ये टॉर्क, तापमान, तेलाचा प्रवाह तक्त्याशी जुळले, आधीच्या मालकाने दर उड्डाणाला लिहिलेल्या नोंदी नऊ वर्षांच्या होत्या, हाताने, एकाच पेनाने वाटावं अशा. त्याच नोंदी बघून मी ठरवलं खरं तर. वहीखातं ताईंचं ऐकून भागीदार पण घेतलाय, माझा जुना इन्स्ट्रक्टर.

मालवाहू_दरवाजा

गंगेत घोडं न्हालं! अभिनंदन. हँगरचं दार मोजलं ना?

दूरचा_पल्ला

मोजलं, अर्धा मीटर जास्त आहे दोन्हीकडे. सोमवारपासून सिम्युलेटर.

उजवी_सीट

अभिनंदन. सुरू करताना एक सवय पहिल्याच दिवसापासून लावा. कंडिशन लिव्हर (इंजिनाचं तेल चालू-बंद करणारा) पुढे केला की हात तिथेच ठेवायचा, काढायचा नाही, डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा १००० अंशांकडे धावायला लागला की विचार करायला वेळ नसतो, लिव्हर मागे, स्टार्टर चालू ठेवायचा म्हणजे आतली उष्णता हवेने बाहेर जाते. बॅटरीचा आकडा कमी असेल तर बाहेरची पॉवर मागवा, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

दूरचा_पल्ला

काल पहिला कौटुंबिक प्रवास झाला, सोबत भागीदार उजव्या सीटवर. २४,००० फूट, केबिन ७,००० च्या आसपास. साडेचौदा हजारांवर ढगांतून बाहेर आलो, चढताना चार मिनिटं बूट लावावे लागले, पंखावरून बर्फाच्या पट्ट्या सुटून मागे जाताना मोठ्याने मोजल्या मुलाने. आई पूर्ण वेळ झोपली. धाकटीने वीस मिनिटांनी मागून विचारलं, बाबा माझी नळी कुठेय. बायकोने तिला सांगितलं की या विमानात नळी नसते, तर तिला ते पटलं नाही, दोन्ही बाजूचे कप्पे उघडून बघितले तिने.

गरमभाग

छान. गाव खाऱ्या वाऱ्याचं होतं का उतरलात ते? कॉम्प्रेसर धुतलात का?

दूरचा_पल्ला

हो काका, समुद्राजवळच उतरलो होतो. परत आल्यावर इंजिन थंड व्हायला ठेवलं आणि रात्रीच गोड्या पाण्याने वॉश दिला, सुकवण्यासाठी एकदा सुरू करून बंद केलं. तारीख आणि तास वहीत लिहिलेत, आधीच्या मालकाच्या शेवटच्या ओळीच्या खाली.